आठ जोड्या लावल्या म्हणजे आठ डाव झाले का?

दुबईत नोकरी करणाऱ्या एका नाशिककरांचा प्रश्न आहे. चलनांचे सौदे करायच्या मेटाट्रेडर ५ या सॉफ्टवेअरवर त्यांनी स्वतः एक ईए, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम, लिहिलाय. तासाच्या चार्टवर चालतो, ट्रेंडच्या मागे जातो. युरो-डॉलर या चलनांच्या जोडीवर सात वर्षांची बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेली चाचणी, बरी येते. तोच ईए आठ जोड्यांवर लावला तर जोखीम वाटली जाईल आणि नफ्याची रेघ सरळ होईल, असं त्यांना चार जणांनी सांगितलंय. खात्यात दोन हजार डॉलर आहेत. एक जोडी ठेवावी की आठ लावाव्यात? आणि नाशिकला असलेल्या धाकट्या भावालाही हा ईए द्यावा का?

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागाहून. पैसे लावायला सध्या एकच जोडी ठेवा. उरलेल्या सात जोड्या ईएची परीक्षा घ्यायला वापरा. त्या परीक्षेत तो टिकला आणि तुमच्या कोडला चलनानुसार बेरीज करता यायला लागली, की मग दुसरी जोडी घ्या. आठवीची वेळ बहुधा येणारच नाही.

मी मूळचा सांगलीचा, २०११ पासून सिंगापुरात. एका छोट्या ट्रेडिंग कंपनीत असे प्रोग्रॅम लिहायचे आणि जे चालू आहेत त्यांच्यावर डोळा ठेवायचा, हेच काम. खाली लिहितोय त्यातलं निम्मं पैसे घालवून शिकलोय. पैसे कंपनीचे होते, एवढंच नशीब.

पहिला घोळ शब्दातच आहे. ‘मल्टी-करन्सी’ म्हणून लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात. एकात नियम एकच असतो आणि तो आठ चार्टवर चालतो. प्रत्येक चार्ट आपापला निर्णय घेतो, शेजारच्या चार्टवर काय चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. तुमचा बेत हाच आहे. दुसऱ्यात निर्णयच मुळी अनेक चलनं एकत्र बघून होतो. आठ चलनांची ताकद मोजायची, सगळ्यात दमदार ते घ्यायचं, सगळ्यात मरगळलेलं ते विकायचं. इथे एका जोडीवर काही करताच येत नाही, कारण तुलनेतच सगळी गंमत आहे. दुसऱ्या प्रकाराबद्दल शेवटाकडे लिहितो. तुमचा प्रश्न पहिल्याचा आहे आणि खड्डे त्यातच जास्त आहेत.

समजा मंगळवारी दुपारी तुमच्या ईएने पाच सौदे उघडले. युरो-डॉलर खरेदी, पाउंड-डॉलर खरेदी, ऑस्ट्रेलियन डॉलर-डॉलर खरेदी, डॉलर-फ्रँक विक्री आणि युरो-येन खरेदी. प्रत्येकावर सारखीच जोखीम, एक एकक. स्क्रीनवर पाच ओळी दिसतात आणि मनाला वाटतं, पाच ठिकाणी थोडं थोडं लावलंय. आता कागद घ्या आणि चलनांचे रकाने पाडा. युरो-डॉलर घेतला म्हणजे युरोच्या रकान्यात अधिक एक, डॉलरच्या रकान्यात उणे एक. डॉलर-फ्रँक विकला म्हणजे फ्रँक अधिक एक, डॉलर पुन्हा उणे एक. पाचही सौदे असे मांडले की बेरीज येते ती अशी: युरो अधिक दोन, पाउंड, ऑस्ट्रेलियन डॉलर आणि फ्रँक प्रत्येकी अधिक एक, येन उणे एक, आणि डॉलर उणे चार.

उणे चार! तुम्ही पाच सौदे केले नाहीत. ‘डॉलर पडणार’ या एकाच मतावर चौपट पैसे लावलेत आणि बाजूला चिल्लर ठेवलीय.

यात तुमच्या ईएचा दोष नाही, बाजारच असा आहे. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२५ च्या पाहणीत जगात दिवसाला सुमारे ९.६ लाख कोटी डॉलरची चलन-उलाढाल मोजली गेली आणि त्यातल्या ८९ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. आठ मोठी चलनं घेतली तर त्यांच्या २८ जोड्या होतात, पण स्वतंत्र भाव सातच असतात. बाकीचे २१ त्या सातांच्या गुणाकार-भागाकारातून निघतात. युरो-डॉलर आणि डॉलर-येन ठाऊक असले की युरो-येन वेगळा सांगावा लागत नाही. त्यात ट्रेंडवाला ईए म्हणजे डॉलर जोरात हलला की सगळीकडे एकदमच जागा होणार. अमेरिकेची रोजगाराची आकडेवारी बहुतेक महिन्यांत पहिल्या शुक्रवारी येते. तुमच्या दुबईच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला. त्या मिनिटाला आठ चार्ट उघडे ठेवून बघा, सगळे एकाच माळेचे मणी.

तुम्ही नाशिकचे, म्हणून सांगतो. निफाडात एकाचे पाच प्लॉट आहेत, पाचही द्राक्षाचे, एकाच शिवारात. गट नंबर पाच, सातबारे पाच. मार्चमध्ये एक गारपीट झाली तर त्याचं नुकसान किती प्लॉटचं होईल? जोखीम वाटायची असती तर त्याने एक जमीन दुसऱ्या तालुक्यात घेतली असती किंवा दोन प्लॉटांवर कांदा लावला असता.

आकड्यात हवं असेल तर सूत्र सोपं आहे. जोड्यांची संख्या भागिले (एक अधिक (संख्या वजा एक) गुणिले सरासरी सहसंबंध). सहसंबंध म्हणजे जोड्या किती एकत्र हलतात ते: एक असेल तर अगदी बरोबरीने, शून्य असेल तर आपापल्या. उत्तर येतं ते म्हणजे तुमच्याकडे खरे स्वतंत्र डाव किती. आठ जोड्या आणि सरासरी सहसंबंध ०.७ धरला तर ८ भागिले ५.९, म्हणजे साधारण १.३६. आठ चार्ट, आठपट स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक), आठपट डोकेदुखी, आणि डाव सव्वा ते दीडच्या मधे. ०.७ वर जोड्या कितीही वाढवल्या, शंभर केल्या, तरी हा आकडा १.४३ च्या पुढे जात नाही. सहसंबंध ०.२ असेल तर मात्र त्याच आठ जोड्यांचे ३.३ डाव होतात. म्हणजे जोड्यांच्या संख्येपेक्षा हा ०.७ खाली आणण्यात फायदा आहे.

उलट बाजू जास्त घातक. बहुतेक जण एका जोडीवर एक टक्का लावत असतात आणि आठ जोड्या घेतल्या की प्रत्येकीवर तोच एक टक्का कायम ठेवतात. ‘वाटली गेली’ म्हणतात ती जोखीम वाढलेली असते. वरच्याच हिशेबाने खात्याची हालचाल एका जोडीच्या जवळजवळ सातपट होते.

आता एक बारकावा, जो बरेच अनुभवी लोकही विसरतात. इंटरनेटवर जोड्यांच्या सहसंबंधाचे तयार तक्ते मिळतात, ते भावांच्या हालचालीचे असतात. तुम्हाला लागतो तो तुमच्या ईएच्या नफ्या-तोट्याचा सहसंबंध. दोन जोड्या एकत्र हलत असल्या तरी ईए एकीत आठवड्यातून दोनदा शिरत असेल आणि दुसरीत रोज, तर चित्र वेगळं निघेल. म्हणून प्रत्येक जोडीची बॅकटेस्ट काढा, रोजचा नफा-तोटा एका रकान्यात उतरवा, आठ रकाने शेजारी ठेवा आणि त्यांचा सहसंबंध काढा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम. सगळ्या दिवसांचा झाला की मग फक्त वाईट दिवस निवडून पुन्हा काढा, म्हणजे युरो-डॉलरवर ज्या दिवशी सगळ्यात मोठा तोटा झाला ते पन्नास दिवस. तो दुसरा आकडा बघितल्यावर बऱ्याच जणांचा आठ जोड्यांचा उत्साह मावळतो.

वाईट दिवस कसा असतो, त्याचं जवळचं उदाहरण ५ ऑगस्ट २०२४. त्याआधी दोन-अडीच वर्षं येन उसना घेऊन चढ्या व्याजाच्या चलनात ठेवायचा धंदा जगभर जोरात होता. जुलैच्या सुरुवातीला डॉलर-येन १६१ च्या वर गेला. मग ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला, २ ऑगस्टला अमेरिकेचे रोजगाराचे आकडे कमजोर आले आणि सोमवारी, ५ तारखेला, निक्केई एका दिवसात बारा टक्क्यांहून जास्त कोसळला. डॉलर-येन १४२ च्याही खाली गेला. ऑस्ट्रेलियन डॉलर-येन जुलैत १०९ च्या वर होता, तो ९० च्या आसपास आला. आमच्याकडे त्या काळात पाच जोड्यांचा एक संच चालू होता. पाचही जोड्या वेगवेगळ्या देशांच्या, कागदावर सुटसुटीत. पण चारांत विकलेलं चलन येन होतं. वाचलो ते दोन महिने आधी एका सहकाऱ्याने हट्टाने बसवलेल्या मर्यादेमुळे: कुठल्याही एका चलनात एकूण दोन एककांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे चारांतल्या दोनच उघड्या होत्या. जुलैभर आम्ही त्या मर्यादेला शिव्या घालत होतो, कारण येनच्या सौद्यांत नफा होत होता आणि ती निम्मे सौदे अडवत होती.

मग एकच जोडी सुरक्षित का? अजिबात नाही. एका जोडीचं दुखणं वेगळं असतं, ती तुम्हाला सवय लावते. युरो-फ्रँकचं बघा. स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. भाव त्या पातळीला टेकून रांगायला लागला आणि जगभरच्या ग्रिडवाल्यांना खजिना सापडला. भाव खाली आला की घ्या, दहा पिप (पिप म्हणजे भाव मोजायचं लहान एकक, इथे ०.०००१) खाली पुन्हा घ्या, वर गेला की विका, खाली बँक उभी आहेच. बॅकटेस्ट अशी गुळगुळीत यायची की बघत राहावं. १५ जानेवारी २०१५ ला, आमच्या इथे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, बँकेने ती मर्यादा काढून टाकली. काही मिनिटांत भाव एकाच्या खाली गेला. १.१९९० ला लावलेले स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा बंद करून तोटा थांबवणारे आदेश, त्या भावाला भरलेच नाहीत, मधे घेणाराच नव्हता. खाती शून्याखाली गेली आणि एफएक्ससीएमसारख्या बड्या ब्रोकरला तगून राहायला तीस कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. आमच्या खात्यात ती जोडी नव्हती. शहाणपण म्हणून नव्हे, ती फार हलत नव्हती म्हणून घेतली नव्हती.

म्हणजे एक जोडी निवडताना विचारायचं ते हे की हिच्यामागे कुणी हात धरून उभं आहे का. रुपयाचंही तेच. २०२३ च्या उत्तरार्धापासून २०२४ मध्ये बराच काळ डॉलर-रुपया ८३ च्या आजूबाजूला चिकटून होता. त्या काळावर शिकवलेला ईए आज कुणी डॉलर-रुपयावर लावला तर त्याला वारं कसं असतं हेच माहीत नसणार. युरो-डॉलरमध्ये असा हात तितका जवळ नसतो. त्यात स्प्रेड कमी आणि बातम्यांची वेळ ठरलेली. सुरुवातीला मी कुणालाही तीच जोडी सांगतो, हीही एक सोय.

आता कोडकडे येतो, कारण आठ जोड्यांत पैसे बऱ्याचदा बाजारामुळे नाही तर कोडमुळे जातात.

२०१३ ची गोष्ट. आमचा युरो-डॉलरवाला ईए महिनाभर नीट चालला होता, मी तो उचलून डॉलर-येनवर लावला. तेव्हा मेटाट्रेडर ४ होतं. कोडमध्ये पिप म्हणजे ०.०००१ असं मी सरळ आकड्यात लिहून ठेवलं होतं. येनच्या जोडीत पिप ०.०१ असतो. त्यामुळे तीस पिपांचा स्टॉपलॉस निघाला ०.००३० येन, भावाला जवळजवळ चिकटलेला. ब्रोकरच्या खात्यात आधी सौदा उघडायचा आणि मग स्टॉपलॉस जोडायचा अशी दोन पायऱ्यांची पद्धत होती. पहिली पायरी झाली. दुसरीला सर्व्हरने नकार दिला. सकाळी लॉग उघडला तर रात्रभर ओळीमागून ओळ एकच: एरर १३०, एरर १३०, एरर १३०. स्टॉप चुकीचा. सौदा मात्र उघडा, स्टॉपलॉसशिवाय, तब्बल सात तास. त्या रात्री येन शांत होता म्हणून मी आज हे हसत सांगतोय. त्यानंतर दोन गोष्टी कायमच्या शिकलो: पिपचा आकडा हाताने लिहायचा नाही, चिन्हाकडूनच विचारून घ्यायचा. आणि स्टॉपलॉस लागला नाही तर तीन प्रयत्नांनंतर सौदा बंद करायचा, मग तो नफ्यात असो की तोट्यात.

लॉटचं, म्हणजे सौद्याचा आकार मोजायच्या एककाचं, गणितही तसंच फसवं. सगळ्या जोड्यांवर ०.१० लॉट लावणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. युरो-डॉलरच्या एका लॉटला एक पिप म्हणजे दहा डॉलर. येनच्या जोडीत तो हजार येन, म्हणजे डॉलर १५० येनला असेल तर साधारण ६.६७ डॉलर. युरो-पाउंडमध्ये दहा पाउंड. शिवाय पाउंड-येन जितका उड्या मारतो तितका युरो-डॉलर मारत नाही, म्हणून स्टॉपही लांब लागतो. समजा एका सौद्यावर ५० डॉलर जोखीम घ्यायची आहे. युरो-डॉलरला २५ पिपांचा स्टॉप असेल तर लॉट ०.२० येतो. पाउंड-येनला ६० पिपांचा असेल तर ०.१२. दोन्हीकडे ०.२० लावलेत तर पाउंड-येनवर तुम्ही न कळत ८० डॉलर लावून बसता.

मेटाट्रेडर ५ वर एक वेगळा सापळा आहे. ईए ज्या चार्टवर लावलाय त्याच जोडीचा टिक, म्हणजे नवा भाव, आला की ‘ऑनटिक’ हा कोडचा भाग चालतो. युरो-डॉलरच्या चार्टवर बसून तुम्ही आतून ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड डॉलरचा सौदा सांभाळत असाल, तर त्या जोडीचा भाव हलला तरी तुमच्या कोडला जाग येत नाही. आठ जोड्या एकाच ईएमध्ये घ्यायच्या तर टायमर लावा, दर सेकंदाला सगळ्या जोड्यांवरून फेरी मारा. त्याहून लबाड गोष्ट मेणबत्त्यांची, म्हणजे ठरावीक वेळेतले भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या उभ्या खुणांची. ज्या मिनिटात एकही टिक आला नाही त्या मिनिटाची मेणबत्ती बनतच नाही. त्यामुळे युरो-डॉलरची मागून शंभरावी मिनिट-मेणबत्ती आणि एखाद्या मंद जोडीची शंभरावी मेणबत्ती वेगवेगळ्या वेळेच्या असू शकतात. क्रमांकाने तुलना केली की बॅकटेस्टमध्ये न कळत भलत्याच वेळा जुळवल्या जातात. नेहमी वेळेने जुळवा. तासाच्या चार्टवर हा त्रास कमी, पण सोमवारी पहाटे आणि ख्रिसमसच्या आठवड्यात होतोच. मेटाट्रेडर ४ च्या टेस्टरमध्ये तर एका वेळी एकच जोडी तपासता यायची. म्हणून त्या काळातल्या ‘मल्टी-करन्सी बॅकटेस्ट’च्या जाहिराती बऱ्याचदा आठ वेगवेगळे निकाल एकावर एक चिकटवलेल्या असायच्या, एकाच वेळी मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे तारण राहणारी रक्कम) किती अडकलं असतं याचा पत्ताच नाही.

आणि चलनाची मर्यादा बसवलीत तर यादीचा क्रम बघा. आमचा प्रोग्रॅम जोड्या वर्णानुक्रमाने तपासायचा. एयूडी, म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलर, पहिला. डॉलरची दोन एककं भरली की बाकीच्यांना नकार. सहा महिन्यांनी हिशेब पाहिला तर डॉलरचे बहुतेक सौदे ऑस्ट्रेलियन डॉलरनेच खाल्लेले, आणि ते कुणी ठरवलं, तर इंग्रजी वर्णमालेने! आता आधी सगळे इशारे गोळा करतो, त्यांना गुण देतो, मग वरून भरतो.

आता सात जोड्यांच्या परीक्षेबद्दल. ईएचे आकडे, म्हणजे सरासरीचे दिवस, स्टॉपची लांबी, सगळं युरो-डॉलरवर जसं आहे तसंच ठेवा, काही बदलू नका, आणि उरलेल्या जोड्यांवर त्यांच्या खऱ्या स्प्रेडसकट चालवा. सगळीकडे नफाच हवा असं माझं म्हणणं नाही. पाचांत थोडा नफा, दोनांत थोडा तोटा, मला चालतं. पण युरो-डॉलरवर डोंगर आणि बाकी सातांत दरी असेल, तर तुमच्या ईएने युरो-डॉलरची गेली सात वर्षं घोकून ठेवलीत, त्याला विषय समजलेला नाही. परीक्षेला जोड्या निवडतानाही जरा पारखून घ्या. पाउंड-डॉलरवर पास होणं म्हणजे शेजारच्या बाकावरून कॉपी. ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड डॉलर, युरो-पाउंड, कॅनेडियन डॉलर-येन अशा अमेरिकन डॉलरला न शिवणाऱ्या जोड्यांवर काय होतं ते खरं. यात आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही: एका जोडीवर ज्या नियमात दम नाही तो आठांवर लावून येत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. लोक २८ जोड्यांवर ईए चालवतात, ज्या पाचांवर झकास निकाल येतो त्या ठेवतात आणि त्यालाच पोर्टफोलिओ म्हणतात. नाणं उडवून खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम २८ जोड्यांवर चालवा, त्यातल्या सर्वोत्तम पाच उचला, रेघ सुंदरच दिसेल. त्या रेघेत ईए कुठेच नसतो, फक्त तुमची निवड असते. जोड्या ठरवायच्या त्या बॅकटेस्टच्या आधी, कारण लिहून: हिचा स्प्रेड परवडतो, हिच्यात ही दोन चलनं आहेत, रात्रीचं व्याज इतकं पडतं. रात्रीच्या व्याजावर आणि रोलओव्हरच्या, म्हणजे सौदे पुढच्या दिवसावर नेण्याच्या, वेळेवर लक्ष ठेवा. तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री एकला, हिवाळ्यात दोनला. त्या दहा-पंधरा मिनिटांत पाउंड-न्यूझीलंड डॉलरसारख्या जोडीचा स्प्रेड असा फाकतो की जवळचा स्टॉप भाव न हलताच उडतो.

मग अनेक चलनं कधी घ्यावीत? जेव्हा कल्पनाच तुलनेची असते तेव्हा. तीन महिन्यांत कुठलं चलन बाकीच्या सगळ्यांच्या मानाने किती वधारलं याची क्रमवारी लावायची, वरची दोन घ्यायची, खालची दोन विकायची, महिन्यातून एकदा बदल करायचा. इथे डॉलर बहुधा मधे कुठेतरी असतो, त्यामुळे सगळा डाव त्याच्यावर जात नाही. अशा पद्धतीत सौदे कमी आणि कोड स्वच्छ राहतो. पण त्यात वरचं चलन बहुतेक वेळा जास्त व्याजाचं आणि खालचं येन किंवा फ्रँक निघतं, म्हणजे ५ ऑगस्टसारखा दिवस तिथेही दार ठोठावतोच. मला स्वतःला ही पद्धत आवडते, पण ती दोन हजार डॉलरची नाही.

तुमच्या दोन हजारांचा हिशेब असा. आठ जोड्यांवर मिळून दीड टक्का, म्हणजे ३० डॉलर जोखीम धरली तर एकेकीच्या वाट्याला पावणेचार डॉलर येतात. पाउंड-येनला ६० पिपांचा स्टॉप ठेवून सगळ्यात लहान लॉट, ०.०१, घेतला तरी चार डॉलर लागतात. म्हणजे पहिल्याच जोडीला तुमचा नियम मोडावा लागेल, नाहीतर स्टॉप ओढून जवळ आणावा लागेल आणि मग तो ईए बॅकटेस्टमधला राहणार नाही. एका जोडीवर अर्धा टक्का, म्हणजे दहा डॉलर, २५ पिपांचा स्टॉप, लॉट ०.०४. हे नेमकं बसतं. पुढे वर्षभरात शंभरेक खरे सौदे झाले आणि प्रत्यक्ष स्प्रेड नि घसरण (मागितलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरून निकाल बॅकटेस्टच्या जवळपास राहिले, तर दुसरी जोडी घ्या. मी तुमच्या जागी ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड डॉलर बघितला असता. तिच्यात अमेरिकन डॉलर नाही, युरोही नाही. पण ती ट्रेंडपेक्षा परत फिरणारी जोडी आहे, तुमचा ईए तिच्यावर मार खाईल. दुसऱ्या जोडीला दुसरा नियम लागतो, असं मला तरी बऱ्याचदा दिसलंय, आणि दोन नियम दोन जोड्यांवर हे एक नियम आठ जोड्यांवर असण्यापेक्षा जास्त डाव देतं.

राहिला भाऊ. तुम्ही दुबईत राहता, तो भारतात राहतो, आणि हा फरक ईएपेक्षा मोठा आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी ब्रोकरकडे मार्जिन भरून असे सौदे करायला फेमा हा परकीय चलनाचा कायदा परवानगी देत नाही, परदेशी पैसे पाठवायच्या उदारीकृत योजनेखाली पाठवलेले पैसेही त्यासाठी चालत नाहीत. रिझर्व्ह बँक अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी प्रसिद्ध करते. पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. त्याला एनएसईसारख्या मान्यताप्राप्त बाजारातले चलन वायदे मोकळे आहेत, पण तिथेही रुपयाच्या करारांना प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम असणं आवश्यक आहे, हे ३ मे २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नसले तरी ती जोखीम खरी असावी लागते. म्हणून नुसते भावावर खेळणारे बरेच लोक तिथून उठले.

भावाचा द्राक्षनिर्यातीचा व्यवसाय असेल आणि रॉटरडॅमहून युरो येणार असतील, तर त्याची जोखीम खरीच आहे. तेव्हा त्याला इतकं समजावून द्या की युरो-रुपया हा युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया यांचा गुणाकार आहे, आणि युरो-रुपयाच्या वायद्यात डॉलर-रुपयाइतकी गर्दी नसते. त्याला ईए पाठवू नका. बिलाची रक्कम आणि पैसे यायची तारीख घेऊन त्याने बँकेत जावं आणि तेवढ्या युरोचं फॉरवर्ड, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला करायचा व्यवहार, बुक करण्याबद्दल विचारावं.